अज्ञात फल आणि अनोळखी बाजार

श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या बावीस अभक्ष्यांमध्ये मध, मांस, मद्य, लोणी आणि अनंतकाय यांच्याबरोबर एक नोंद अशी आहे, की तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ती नोंद म्हणजे ‘अज्ञात फल’. ज्याचे नाव, गुण आणि स्वभाव ठाऊक नाही, असे फळ खाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकाच मंडईतून भाजी येते आणि भाजीवाली मावशी घरातल्या तिथ्या घरच्यांइतक्याच लक्षात ठेवते, तेथे या नियमाची परीक्षा होण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून पाठशाळेत मुले ती यादी घडाघडा म्हणतात आणि या शब्दावरून पुढे निघून जातात.

वंकचूलाची कथा मात्र बहुतेकांना आठवते. चोरांचा नायक झालेल्या या राजपुत्राने आचार्यांकडून चार लहानसे नियम घेतले. त्यांपैकी एक अज्ञात फळ न खाण्याचा होता. अरण्यात सर्वांना भूक लागली, सुंदर फळे समोर दिसली. साथीदारांनी ती खाल्ली आणि प्राण गमावले. वंकचूलाने फक्त फळाचे नाव विचारले, ते कुणालाच सांगता येईना, म्हणून तो उपाशी राहिला आणि वाचला. कथेचे मर्म फळाच्या विषात नाही, ‘याचे नाव काय?’ या एका प्रश्नात आहे.

मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशी गेल्यापासून हा प्रश्न पुन्हा जिवंत झाला आहे. आई-वडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेत जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मुलगा किंवा सून त्यांना एखाद्या ‘एशियन मार्केट’मध्ये घेऊन जाते. भारतीय वाणसामानाचे दुकान लांब असते, तेथे ताजी भाजी ठरावीक दिवशीच येते. हा बाजार घराजवळ असतो आणि पालेभाजी स्वस्त असते. चाळीस वर्षे स्वतः दुकानाच्या गादीवर बसलेला मनुष्य तेथे प्रथमच पूर्णपणे अनोळखी गिऱ्हाईक होऊन उभा राहतो. लिपी कळत नाही, माल ओळखू येत नाही, आणि विचारावे तर कोणाला, हेही समजत नाही.

या बाजारांचा उगम

१९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातील लोकांना तेथे जाण्याची वाट मोकळी झाली. माणसे गेली, त्यांच्यामागून त्यांचा स्वयंपाक गेला आणि स्वयंपाकामागून दुकाने उभी राहिली. गुजरातेतून गेलेल्या पटेल बंधूंनी १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर आपले छोटे दुकान थाटले. त्याची पुढे मोठी साखळी झाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९८२ मध्ये एका कोरियन व्यापाऱ्याने सुरू केलेले दुकान आज ‘एच मार्ट’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या मूळ कोरियन नावाचा अर्थ ‘एका कवेत मावेल एवढे वाणसामान’ असा होतो. तैवानहून आलेल्या रॉजर चेन यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘९९ रँच’ची सुरुवात केली.

हा इतिहास आपल्या वाचकांना परका वाटू नये. मारवाड आणि गुजरातेतून निघून महाराष्ट्रातील लहान लहान गावांत दुकान मांडणाऱ्या आपल्या पणजोबांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. त्यांनाही प्रथम भाषा येत नव्हती. गिऱ्हाईक कोणत्या वस्तूला काय म्हणते, हे शिकण्यापासूनच त्यांचा धंदा सुरू झाला. फरक इतकाच, की त्या वेळी ते काउंटरच्या आतल्या बाजूला होते.

एका घरातील प्रसंग

लातूर भागातील भुसार मालाचे एक व्यापारी आणि त्यांच्या पत्नी न्यू जर्सीत मुलाकडे गेले असता घडलेला प्रसंग अनेक घरांत थोड्याफार फरकाने घडला असेल. सासूबाईंनी तीस वर्षांपासून कंदमूळ सोडलेले, चौविहार पाळलेला. सूनही पाठशाळेत शिकलेली, घरात कांदा-बटाटा न आणणारी. नोकरी सांभाळून स्वयंपाक करायचा म्हणून आठवड्यातून एकदा मुलासाठी ती तयार नूडल्स करीत असे. पाकिटावर कोबी आणि लाल मिरचीचे चित्र होते, म्हणून ते निर्धोक समजून ती गेले कित्येक महिने आणीत होती.

एके दिवशी आजीने नऊ वर्षांच्या नातवाला सहज विचारले, “बाळा, यावर काय काय लिहिलंय, वाच बरं.” नातवाने एकेक इंग्रजी शब्द मोठ्याने वाचला आणि शेवटच्या ओळीत ‘फिश’ हा शब्दही त्याच सुरात वाचून टाकला.

सासूबाई सुनेला एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या पिशवीतले खाकरे आणि वेगळ्या भांड्यात शिजवलेले मुगाचे वरण एवढ्यावर राहण्यास सुरुवात केली. सुनेने विचारले, “आई, तुम्ही आमच्याबरोबर जेवणार नाही का?” तर उत्तर आले, “मला एवढंच पुरतं गं.” रागावल्या असत्या तर सुनेला कमी लागले असते. मुलगा दोघींच्या मध्ये सापडला. चार दिवस त्या घरात ताटे दोन ठिकाणी मांडली गेली, आणि आजी आपल्याबरोबर का जेवत नाही, हे नातवाला कोणी सांगेना.

मार्ग काढला तो सासऱ्यांनी. ते म्हणाले, “माल न पाहता उचलला गेला, इतकंच झालंय. दुकानात असं झालं तर आपण मुनिमाला घालवत नाही, खरेदीची पद्धत सुधारतो. शनिवारी आपण सगळे जाऊ, आणि वही बरोबर घेऊ.” त्या वहीत पुढील काही आठवड्यांत जे उतरले, ते परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचे आहे.

लेबल हा मालाचा ताळेबंद

भारतात वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहण्याची सवय डोळ्यांना लागलेली असते. शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका, आता तपकिरी त्रिकोण. अमेरिकेत असे चिन्ह लावण्याची सक्ती नाही. तेथे चित्रावर विश्वास ठेवून भागत नाही. मागची बारीक अक्षरेच वाचावी लागतात. तसे पाहिले तर आपला हिरवा ठिपकाही जैनांसाठी पुरेसा नाही. त्याच्या व्याख्येत अंडे मांसाहारी मानले आहे, ही चांगली गोष्ट. पण मध त्यात चालतो आणि कांदा, लसूण, बटाटा यांचा तर त्याच्याशी संबंधच नाही. म्हणजे वाचण्याची सवय घरीही लागावयास हवी होती.

कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला, की जाणकार मनुष्य पहिल्या पानावरील रंगीत छायाचित्रांवर थांबत नाही. तो ताळेबंदाकडे आणि त्याखालील टिपांकडे वळतो. घटकांची यादी हा मालाचा ताळेबंद समजावा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. सर्वांत जास्त असलेला प्रथम. यादीच्या शेवटी अनेकदा ‘पुढील घटक दोन टक्के किंवा त्याहून कमी’ असे वाक्य येते. टाळावयाचे बरेचसे पदार्थ याच शेपटीत असतात: माशाचा अर्क, कोंबडीची पूड, कांद्याची पूड, लसणाची पूड. दोन टक्के म्हणजे नगण्य, असे हिशेबनीस म्हणेल; व्रत घेतलेल्याला तसे म्हणता येत नाही.

ताळेबंदाखालच्या टिपेसारखी दुसरी जागा म्हणजे ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ. ज्या पदार्थांची अनेकांना अ‍ॅलर्जी असते, ते स्पष्ट लिहिण्याचा कायदा तेथे २००४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन हे आठ पदार्थ त्यात होते. २०२३ पासून तिळाची भर पडली. ही माहिती काही वेळा घटकांच्या यादीतच कंसात दिलेली असते. हा कायदा अ‍ॅलर्जीसाठी झाला असला, तरी अंडे आणि मासे शोधणाऱ्या श्रावकाचे काम त्याने बरेच सोपे केले आहे.

मात्र या ओळीच्या मर्यादा नीट समजून घेतल्या पाहिजेत. तिच्यात मांस येत नाही, चरबी येत नाही, जिलेटिन येत नाही, कारण ते त्या नऊ पदार्थांत नाहीत. आणखी एक बारकावा असा, की अमेरिकेच्या यादीत कवचधारी जलचर आहेत, पण कालवे, शिंपले आणि स्क्विड नाहीत. त्यामुळे कालवांचे सॉस घातलेल्या पदार्थावर ‘कंटेन्स’ या ओळीत काहीच दिसणार नाही, असे घडू शकते. ओळ कोरी आहे म्हणून माल निर्दोष, असा निष्कर्ष काढू नये. पूर्ण यादी वाचावीच.

‘नैसर्गिक स्वाद’ हा शब्दही असाच फसवा आहे. तेथील नियमांप्रमाणे असा स्वाद वनस्पतीपासून असू शकतो, तसाच मांस-मासळीपासूनही. लाल-गुलाबी रंगासाठी वापरला जाणारा ‘कार्माइन’ कीटकांपासून मिळतो; २०११ पासून त्याचे नाव लेबलावर स्पष्ट लिहावे लागते, म्हणून तो शोधता तरी येतो. वर्तुळातील इंग्रजी ‘यू’ अक्षर हे ज्यू धर्मीयांच्या आहारनियमांचे चिन्ह आहे. त्याशेजारी ‘पारेव’ असे लिहिलेले असले म्हणजे त्यात मांस आणि दूध नाही, एवढे कळते. परंतु मासे आणि अंडी पारेवमध्ये चालतात. पुष्कळ मंडळी हे चिन्ह शाकाहाराचे समजून निश्चिंत होतात, तसे होऊ नये.

तारखा वाचतानाही व्यापाऱ्याची नजर हवी. जपान, कोरिया आणि चीनमधील मालावर वर्ष प्रथम, मग महिना आणि शेवटी दिवस, असा क्रम असतो. तैवानच्या काही वेष्टनांवर त्यांचा स्वतःचा सन असतो. त्यात १९११ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ११४ हे वर्ष २०२५ समजावे. ज्यांच्या वहीवर विक्रम संवत आणि वीर निर्वाण संवत दोन्ही लिहिले जातात, त्यांना हा हिशेब अवघड वाटण्याचे कारण नाही.

रूप एक, मूळ निराळे

वहीतील सर्वांत मोठे पान भरले ते सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचे. ‘वॉटर चेस्टनट’ हे इंग्रजी नाव आपल्याकडे शिंगाड्याला दिले जाते, म्हणून डब्यावर ते पाहून उपवासाचा माल मिळाला असे वाटते. पण चिनी स्वयंपाकातील वॉटर चेस्टनट ही वेगळीच वनस्पती असून तिचा खाल्ला जाणारा भाग चिखलात वाढणारा कंद आहे. शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचे फळ. नाव एक, पण एक फळ आणि दुसरा कंद.

पारदर्शक शेवया दोन प्रकारच्या असतात. एक हिरव्या मुगाच्या स्टार्चची. दुसरी, कोरियन पद्धतीची, रताळ्याच्या स्टार्चची. शिजल्यावर दोन्ही काचेसारख्या दिसतात; पाकीट उलटून पाहिल्याशिवाय भेद कळत नाही. तांदळाच्या शेवया बहुधा अडचणीच्या नसतात, तरी तांदळाच्या पातळ कागदासारख्या पापड्यांत टॅपिओकाचे पीठ मिसळलेले असते, हे लक्षात ठेवावे. वजन कमी करण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या ‘शिराताकी’ शेवया कोन्याकू नावाच्या कंदाच्या असतात आणि तो कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला आहे. तरुण मंडळींच्या आवडीच्या बबल टीमधील काळे मणी टॅपिओकाचे, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचे. साबुदाणा चालतो की नाही, याबद्दल ज्या घराचा जो निर्णय असेल, तोच येथे लागू करावा.

कोवळा बांबू आणि मोड आलेली कडधान्ये दिसायला निष्पाप भाज्या. पण अनंतकायांच्या पारंपरिक यादीत बांबूचा कोंब आणि अंकुरलेले कठोळ दोन्ही आहेत. अळंबी तर त्या बाजाराचा प्राणच. ‘व्हेजिटेरियन ऑयस्टर सॉस’ असे लिहिलेली बाटली पाहून समाधान वाटते, पण तिचा स्वाद अळंबीपासून आलेला असतो. जिलेटिनऐवजी वापरला जाणारा चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतो. म्हणून काही कुटुंबे तोही टाळतात. जपानी सूपच्या रश्शाला वाळवलेल्या माशाचा आधार असतो, थाई करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची चटणी असते, कोरियन किमचीत मासळीचे खारवण आणि लसूण असतो, आणि ‘मिरिन’ हे तांदळाचे गोड मद्यच होय. या चार वस्तू नावानेच ओळखून बाजूला ठेवल्या, की निम्मे कष्ट वाचतात.

परक्या गर्दीत आपली मंडळी

वहीत केवळ नकारांचीच नोंद झाली, असे मात्र नाही. भाजीच्या विभागात फिरताना सासूबाई एका थोराड, पांढुरकी साय धरलेल्या फळापुढे थांबल्या. वरच्या पाटीवर ‘विंटर मेलन’ लिहिलेले होते. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर कोहळा!” तो कोहळाच होता. पुढे दोडका निघाला, दुधी निघाला, फिकट रंगाची आणि कमी काटेरी कारली निघाली, हातभर लांबीच्या चवळीच्या शेंगा निघाल्या. लाल माठ निघाला, मायाळू निघाला, फिलिपिनो लोकांसाठी ठेवलेला शेवग्याचा पाला निघाला. फळांत पपनस आणि कमरख, सुक्या मेव्यात चिनी लाल बोरे, गोठवलेल्या मालात केळफूल. ज्या बाजारात सासूबाई दबकत शिरल्या होत्या, तेथे त्या सुनेला एकेक भाजीची ओळख करून देऊ लागल्या. सुनेने दोन वर्षे त्याच रांगेतून ये-जा केली होती. इंग्रजी पाटीखाली मायाळू आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

अज्ञात फलाच्या नियमाचा खरा अर्थ येथे उलगडतो. हा नियम नव्या वस्तूला कायमचा बंदी घालणारा नाही. जाणून घेतल्याशिवाय घेऊ नकोस, असे सांगणारा आहे. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, चिकू हे सारे एके काळी सागरापलीकडून आले आणि आपल्या पूर्वजांना अज्ञातच होते. कुणीतरी त्यांचे नाव विचारले, ते वेलीवर येते की मातीत, त्यात बिया किती, त्याचा गुण काय, हे पाहिले, आणि मग काही स्वीकारले, काही टाळले. मँगोस्टीन हे फळ आपल्या कोकमाच्या कुळातले आहे. ड्रॅगन फ्रूट हे मूळचे अमेरिका खंडातील निवडुंगाचे फळ. आता आपल्या सांगली जिल्ह्यातही पिकते आणि २०२१ मध्ये तेथील तडसर गावाचे फळ दुबईला रवाना झाले. त्याच वर्षी गुजरात शासनाने त्याला ‘कमलम्’ असे नाव दिले. नाव मिळाले, कूळ कळले, म्हणजे ते अज्ञात राहिले नाही. मात्र त्यात असंख्य बारीक बिया असल्याने बहुबीज म्हणून ते टाळावे, असे मानणारे श्रावक आहेत. अज्ञान संपल्यावरच विवेकाचे काम सुरू होते.

तेथेही कुणी नियम पाळतो

या बाजारातील सर्व गिऱ्हाईक मांसाहारी असते, ही समजूतही पूर्ण खरी नाही. चिनी बौद्ध परंपरेत मांसाबरोबर पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत. कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीतील भाज्या त्यांत येतात. तैवानने २००९ पासून शाकाहारी मालावर पाच प्रकार नोंदवण्याचा नियम केला: शुद्ध शाकाहारी, अंडेयुक्त, दूधयुक्त, दूध व अंडे दोन्ही असलेला, आणि उग्र वनस्पती असलेला. म्हणजे कांदा-लसूण आहे की नाही, हे वेष्टनावरून सांगणारी शासकीय व्यवस्था जगात आहे, आणि ती जैनांनी मागितलेली नाही. ‘सू’ या उच्चाराचे चिनी अक्षर एकदा ओळखायला शिकले, की तैवानी मालाच्या रांगेत बरेच काही हाती लागते. व्हिएतनामी मालावर रोमन लिपीत ‘चाय’ असा उच्चार असलेला शब्द शाकाहार दर्शवतो. त्याचा आपल्या चहाशी संबंध नाही. थायलंडच्या मालावर पिवळ्या पट्टीवर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसणारे चिन्ह असते. त्याचा उच्चार ‘जे’. तेथे दरवर्षी नऊ दिवस पाळल्या जाणाऱ्या व्रतात मांस, कांदा आणि लसूण सोडतात.

गंमत अशी, की बौद्धांच्या त्या पाच उग्र वनस्पतींत हिंगाचीही गणना होते, आणि कांदा-लसूण नसलेल्या आपल्या स्वयंपाकाचा आधारच हिंग आहे. उलट आले, मुळा, गाजर, कमळाचे मूळ आणि अळंबी त्यांना चालतात, आपल्याला चालत नाहीत. म्हणून ही चिन्हे दार उघडून देतात, पण आत गेल्यावर यादी वाचावीच लागते. व्हिएतनामी शब्दावरून तर कांदा-लसणाविषयी खात्री मिळत नाही.

विचारण्याची रीत

मोबाइलचा कॅमेरा धरला की परकी लिपी इंग्रजीत किंवा मराठीत दिसते. पहिल्या नजरेसाठी ही सोय उत्तम. शेवटचा निर्णय तिच्यावर सोडू नये, कारण यंत्र चरबीला नुसते तेलही म्हणून जाते. आयात मालावर बहुधा इंग्रजी चिठ्ठी वेगळी चिकटवलेली असते. ती आधी शोधावी.

माणसाला विचारावयाचे तर ‘हे शाकाहारी आहे का?’ असे विचारू नये. अनेक देशांत माशाचे खारवण हे मिठासारखे मसाल्यात मोडते, म्हणून दुकानातला सेवक प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. मासे, कोळंबी, अंडे, चरबी, कांदा, लसूण, असे एकेक नाव घेऊन विचारावे. गर्दीची वेळ टाळून, रांग अडवून न धरता, पाकीट हातात दाखवून विचारावे. सासऱ्यांनी एका वयस्क कोरियन सेविकेला असेच विचारले, तेव्हा तिने दोन पाकिटे परत ठेवली, तिसरे काढून दिले आणि छातीवर हात ठेवून मान हलवली. घरी येऊन तपासले तेव्हा ते निर्दोष निघाले. सासऱ्यांनी वहीत लिहिले: ‘सेविका जाणकार, पुन्हा विचारावे.’ मालाइतकीच माणसाची पतही नोंदवून ठेवणे, हा आडत्याचा जुना धर्म आहे. आपल्या दुकानात एखादे परप्रांतीय गिऱ्हाईक बोट दाखवून वस्तू मागत उभे राहते, तेव्हा त्याला किती वेळ दिला जातो, हा विचारही अशा वेळी मनात येण्यासारखा आहे.

एक प्रश्न मात्र लेबलावर सुटत नाही. अशा बाजाराच्या मागच्या भिंतीला काचेच्या टाक्या असतात आणि त्यांत मासे, खेकडे जिवंत असतात. पहिल्या दिवशी सासूबाई ते पाहून बाहेर गाडीत जाऊन बसल्या. जेथे हे विकले जाते, तेथे आपण पाऊल ठेवावे का, असे त्यांनी घरी विचारले. सुनेचे म्हणणे असे होते, की नेहमीच्या अमेरिकन दुकानातही मांस असतेच. तेथे ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असते, म्हणून डोळ्यांना टोचत नाही. दोघींचेही म्हणणे खोटे नाही. जे दिसत नाही ते नसते, असे जैन धर्म कोठेच म्हणत नाही; आणि जे दिसले त्याने मन हलणे, हा करुणेचाच भाग आहे. त्या घराने शेवटी असे ठरवले, की या बाजारातून फक्त ताजी भाजी, फळे आणि तपासलेले सुके सामान घ्यावे, मागच्या रांगांकडे जाऊ नये, आणि ज्या दिवशी भारतीय दुकानात जाणे शक्य असेल त्या दिवशी तेथेच जावे. अन्य घरे अन्य निर्णय घेतील. आपापली परंपरा आणि घेतलेला नियम यांनुसार गुरुमहाराजांना विचारून जे ठरेल, ते पाळावे. इतकेच, की ते सर्वांनी मिळून ठरवावे, एकटीने सोसू नये.

त्या शनिवारी आणलेल्या कोहळ्याची भाजी सुनेने सासूबाईंना विचारून, त्यांच्या पद्धतीने, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत केली. त्या रात्री सूर्यास्तापूर्वी सर्वांची ताटे एकाच ओळीत वाढली गेली. वही आता स्वयंपाकघरात टांगलेली असते. घ्यावयाचे, न घ्यावयाचे आणि ‘अद्याप कळले नाही’ असे तीन रकाने तिच्यात आहेत. नवीन पाकीट घरात आले, की नातू ते वाचून कोणत्या रकान्यात घालायचे ते आजीला विचारतो.

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. बँकेत ज्या कागदाचा अर्थ समजला नाही, त्यावर सही करू नये, आणि आडतीवर ज्या पोत्याचा नमुना पाहिला नाही, त्याचा भाव बोलू नये, हे व्यापारी घरातील मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. ताटात येणाऱ्या वस्तूलाही हाच नियम लावला, तर परदेशातील कोणताही बाजार श्रावकाला अडवू शकत नाही. जे कळले नाही, ते कितीही स्वस्त आणि आकर्षक असले, तरी त्याच जागी परत ठेवून द्यावे. फळीवर परत ठेवलेल्या वस्तूचे पैसे कोणतेही दुकान मागत नाही.